पाकिस्तानातून नव्हे, सिंधमधून

माझे वडील उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये शिवणकामाच्या कारखान्यात आहेत. दहावीच्या सुट्टीत मीही त्यांच्याबरोबर धागे कापायला जात असे. मालकांचे वृद्ध वडील गल्ल्यावर बसत. सगळे त्यांना दादा म्हणत. एकदा मी सहज विचारले, "दादा, तुम्ही पाकिस्तानातून कधी आलात?" दादा रागावले नाहीत, पण लगेच म्हणाले, "पाकिस्तानातून नाही बेटा, सिंधमधून. मी जन्मलो तेव्हा पाकिस्तान होतंच कुठे?"

कॉलेजात येऊन इतिहास घेतल्यावर या उत्तराचा अर्थ थोडाफार उमगू लागला. 'पाकिस्तान' हे नाव केंब्रिजला शिकणाऱ्या चौधरी रहमत अली यांनी १९३३ साली एका पत्रकातून पुढे आणले. त्यात पंजाब, वायव्येकडील अफगाणी मुलूख, काश्मीर आणि सिंध यांची अक्षरे, शेवटी बलुचिस्तानचे 'स्तान'. बंगालचे एकही अक्षर नाही! आणि गंमत अशी की, पुढे पाकिस्तानची निम्म्याहून अधिक वस्ती पूर्व बंगालातच होती. १९५५ साली त्या प्रांताचे नाव बदलून 'पूर्व पाकिस्तान' केले गेले. १९७१ साली तेथील लोकांनी ते झुगारून 'बांगलादेश' हे आपले नाव घेतले.

उरलेल्या भागाला काय म्हणावे यावरही वाद झालाच. बॅरिस्टर जीनांची अपेक्षा 'हिंदुस्तान' अशी होती. 'इंडिया' हे नाव भारताने ठेवल्याबद्दल त्यांनी १९४७ साली माउंटबॅटन यांच्याकडे नाराजी कळवली. वरवर हा हट्ट वाटेल, पण तसा तो नव्हता. जुने नाव ज्याच्याकडे, तो जुना देश. दुसरा त्यातून फुटून निघालेला. संयुक्त राष्ट्रांत भारताची जागा कायम राहिली, पाकिस्तानला मात्र नव्याने सभासद व्हावे लागले. वास्तविक 'इंडिया' हा शब्द सिंधू नदीवरून आलेला. नदी बहुतेक सगळी तिकडे गेली, नाव इकडे राहिले.

आपल्या घटना समितीतही एकमत नव्हते. १८ सप्टेंबर १९४९ रोजी ह. वि. कामत यांनी 'भारत' हे नाव आधी यावे अशी दुरुस्ती सुचवली. ती ३८ विरुद्ध ५१ मतांनी फेटाळली गेली व 'इंडिया, अर्थात भारत' कायम झाले.

त्याच्या महिनाभर आधी, ८ ऑगस्टला, राजगोपालाचारी कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आले होते. युद्धकाळातल्या त्या बराकींत सुमारे एक लाख सिंधी राहत होते. तेथे नव्या शहराची कोनशिला बसली आणि आपल्या उल्हास नदीवरून त्याचे नाव 'उल्हासनगर' ठेवले गेले. तरी आमची आजी आजही "कॅम्पात जाऊन येते" असेच म्हणते, आणि रिक्षावाले 'कॅम्प तीन, कॅम्प चार' असेच ओरडतात.

सिंधचे नाव मात्र विलक्षण टिकले. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता, म्हणजे दादांचे वडील आणि आमचे पणजोबा एकाच इलाख्याचे रहिवासी! १९५५ ते १९७० या काळात पाकिस्तानने पश्चिमेकडील सगळे प्रांत एकत्र केले. तेव्हा 'सिंध' नावाचा प्रांत तेथेही उरला नव्हता. आपल्या राष्ट्रगीतात तो शब्द होताच. तो काढून 'काश्मीर' घालावे असा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तो २००५ साली फेटाळला गेला. राष्ट्रगीत म्हणजे देशाच्या हद्दीची नोंदवही नव्हे, असे न्यायालयाचे म्हणणे. दादांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "ते काढलं असतं तर मग आमचं कुठे राहिलं असतं?"

आमच्या घरी, चाळीत, अजून 'निर्वासित' हाच शब्द चालतो. घरदार सोडून आलेल्यांची नातवंडे येथे जन्मली, तरी तो सुटत नाही. परवा जेवताना मी म्हटले, "आता तरी त्यांना निर्वासित म्हणू नका." मला वाटले, वडील म्हणतील, चार बुकं शिकला आणि शिकवायला लागला. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "साताऱ्याहून मी इथे आलो ना, तेव्हा मला सगळे 'घाटी' म्हणायचे. नाव कारखान्यात फक्त दादांनी विचारलं."