सरासरीच्या आड दडलेले मूल

इंग्लंडच्या सागरतीरावरील सीफर्ड गावचे डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ च्या नोव्हेंबरात 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ज्या चौदा वर्षांच्या पर्सीची हकीकत प्रसिद्ध केली, तो बोलण्यात चतुर आणि गणितात तरबेज असूनही स्वतःचे नाव लिहिताना त्यातील दोन अक्षरांची अदलाबदल करी, आणि वारंवार दाखवून दिल्यावाचून ती चूक त्याच्या ध्यानात येत नसे. शिक्षण केवळ तोंडी असते, तर हाच मुलगा शाळेत सर्वांत तल्लख ठरला असता, असा त्याला वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या शिक्षकांचा अभिप्राय होता.

असामान्य बुद्धी आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता एकाच मुलाच्या ठायी वसतात तेव्हा त्या परस्परांना झाकून टाकतात. वाक्याच्या संदर्भावरून पुढचा शब्द अचूक ताडणारे मूल वाचनातील आपली अडचण कित्येक इयत्ता लपवू शकते. उलट, तोंडी हिशेबाचे उत्तर सर्वांआधी सांगणाऱ्या मुलाची वही जोडाक्षरांच्या खाडाखोडीने भरलेली दिसली, की प्रगतिपुस्तकावर 'निष्काळजी' असा शेरा पडतो.

सबब बुद्धिमापनाच्या अहवालातील अखेरचा एकच आकडा वाचून निकाल देणे धोक्याचे आहे. समजा, एखाद्याचा शाब्दिक तर्काचा गुणांक १३० आणि लेखी चिन्हे हाताळण्याच्या वेगाचा ८० आला, तर दोहोंची सरासरी १०५ भरते. जेथे शंभर हा मध्य मानलेला आहे, तेथे हे मूल सर्वसाधारण ठरते, आणि त्याचे शिखर व दरी दोन्ही दृष्टीआड होतात. नागपूरच्या डॉ. मालिन यांनी वेश्लर यांच्या चाचणीवरून भारतीय मुलांसाठी सिद्ध केलेल्या मापनश्रेणीतही शाब्दिक व कृतिप्रधान असे दोन विभाग आहेत; त्यांतील अंतर हे परीक्षकाने बारकाईने वाचावयाचे असते, आणि त्याच्या जोडीला वाचन, लेखन व गणित यांच्या स्वतंत्र चाचण्या घ्यावयाच्या असतात.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला कायद्याची मान्यता दिली, आणि रीतसर दाखला मिळाल्यास परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक यांची तजवीजही होते. परंतु सवलत म्हणजे शिक्षण नव्हे. ध्वनी आणि अक्षर यांची सांगड पायरीपायरीने घालून देणारे अध्यापन दररोज चालावे, आणि त्याच दिवशी त्या मुलाच्या बुद्धीला झुंजावयास लावणारे कठीण गणितही त्याच्यापुढे यावे. शुद्धलेखन सुधारेपर्यंत ते गणित रोखून धरणे हा त्या मुलावर उघड अन्याय होय. त्याला प्रश्न वाचून दाखवा, उत्तर तोंडी ऐका, आणि मगच प्रगतिपुस्तकावर लेखणी टेकवा.