एल्मिनाचा किल्ला : गुलामगिरीचे कागद

गुलामगिरी म्हटली की साखळदंड आणि चाबूक डोळ्यांसमोर येतात. आम्ही वकिली करतो, म्हणून आम्हाला आधी कागद दिसतात. माणूस विकायला नुसता चाबूक पुरत नाही. फर्मान, सनद आणि करार लागतो. पश्चिम आफ्रिकेत, आजच्या घाना देशातील एल्मिना बंदर हा त्याचा जिवंत पुरावा आहे.

१४५५ साली पोप निकोलस पाचवे यांनी फर्मान काढून पोर्तुगालच्या राजाला आफ्रिकेतील बिगरख्रिस्ती लोकांना कायमचे गुलाम करण्याची मुभा दिली. म्हणजे आधी धर्माचा शिक्का, मग व्यापार! १४८२ साली पोर्तुगीजांनी एल्मिनाला किल्ला बांधला तो सोन्यासाठी. सोने आणणाऱ्या आतल्या मुलखातील व्यापाऱ्यांना ओझी वाहायला माणसे हवी असत. पोर्तुगीज ती बेनिनकडून विकत आणून येथे सोन्याच्या मोबदल्यात विकत. १६३७ साली डचांनी किल्ला जिंकला आणि एल्मिना डच वेस्ट इंडिया कंपनीच्या गुलामव्यापाराचे मुख्य ठाणे बनले. खाली कोठड्यांत माणसे कोंडलेली, वर गव्हर्नरचे दालन आणि प्रार्थनागृह. या किनाऱ्यावर माणसांच्या बदल्यात बंदुका, दारू आणि कापड दिले जाई. त्यात हिंदुस्थानी विणकरांनी विणलेले कापडही असे. आपल्या घामाचे मोल कुठे चुकते होते, हे त्या विणकराला कोण सांगणार?

डचांनी १८१४ साली गुलामव्यापार बंद केला. पण सुरीनाम या त्यांच्या वसाहतीतील गुलामगिरी १८६३ पर्यंत चालूच राहिली. तेव्हाही भरपाई मिळाली ती मालकांना, दर गुलामामागे ३०० गिल्डर! मुक्त झालेल्यांवर मात्र आणखी १० वर्षे सक्तीचे काम लादले.

१८७३ साली ती मुदत संपणार होती. मळ्यांवर राबायचे कोणी? डच आणि इंग्रज सरकारांनी करारांची देवघेव केली. एल्मिनासह इथली डच ठाणी १८७२ साली इंग्रजांकडे गेली आणि डचांना ब्रिटिश हिंदुस्थानातून मजूर नेण्याची परवानगी मिळाली. जून १८७३ मध्ये 'लाला रूख' जहाजातून पहिले गिरमिटिये सुरीनामला उतरले. त्याच महिन्यात इंग्रजांची सत्ता न मानणाऱ्या एल्मिना गावावर तोफा डागण्यात आल्या. नव्या कराराने गुलामाची जागा गिरमिटियाने घेतली, मळा तोच राहिला.

आणि त्याच १८७३ साली पुण्यात क्रांतिबा जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली व गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना ती अर्पण केली. सत्ताधारी माणसांचा सौदा करत होते, तेव्हा एक शूद्र विचारवंत सातासमुद्रापलीकडच्या गुलामांशी नाते जोडत होता. हे आम्ही विसरता कामा नये.

डच पंतप्रधानांनी २०२२ साली आणि राजाने २०२३ साली माफी मागितली. जनजागृतीसाठी निधीही जाहीर झाला. पण मालकांना मोजली तशी माणशी भरपाई गुलामांच्या वंशजांना मिळाली नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, कायदा आहे एवढ्यावर समाधान मानू नका. तो कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, हे विचारा. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या संविधानात कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, कलम २३ ने माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी यांना मनाई केली. शतकानुशतके मालकांच्या बाजूने लिहिले गेलेले कागद येथे प्रथमच राबणाऱ्यांच्या बाजूने लिहिले गेले. तो कागद जपणे आणि अमलात आणणे, ही आता आपली जबाबदारी आहे.