सोलापूर कोरडे, लंडन ओले

फळ्यावर दोन आकडे लिहावेत. सोलापूरचा वर्षाचा सरासरी पाऊस ७०० मिलिमीटरहून थोडा अधिक, लंडनचा साधारण ६००. मग वर्गाला विचारावे, यातले निमकोरडे गाव कोणते? बहुतेक मुले लंडनचे नाव घेतील. हवामानशास्त्र मात्र त्या यादीत सोलापूरला बसवते.

हवामान विभागांचा रंगीत नकाशा घोकून घेण्यापेक्षा हा एक प्रश्न जास्त शिकवून जातो. आज दुपारी आभाळ भरून आले, ही झाली हवा. हवामान ठरवायला तीस-तीस वर्षांच्या नोंदी लागतात. सध्या १९९१ ते २०२० या काळाची सरासरी प्रमाण मानली जाते. त्या नोंदींमागे रोजची शिस्त असते. भारतात पर्जन्यमापकातले पाणी सकाळी साडेआठला मोजतात आणि आदल्या चोवीस तासांचा पाऊस म्हणून वहीत लिहितात.

या आकड्यांवरून जगाचे विभाग पाडले व्लादिमीर कोपेन यांनी. १८४६ मध्ये सेंट पीटर्सबर्गला जन्मलेल्या या शास्त्रज्ञाचा काही काळ क्रायमियात गेला. उत्तरेकडून त्या द्वीपकल्पाकडे जाताना बदलत जाणारी झाडेझुडपे त्यांनी पाहिली होती. कुठे काय उगवते, यातच तिथले हवामान दिसते, हा त्यांच्या वर्गीकरणाचा पाया. म्हणूनच त्यांनी नुसता पाऊस मोजला नाही. उन्हाने किती पाणी उडून जाईल, तेही हिशेबात धरले.

तो हिशेब शाळकरी मुलांना सहज जमतो. वर्षाच्या सरासरी तापमानाला २० ने गुणायचे. पावसाचा ७० टक्के किंवा जास्त भाग एप्रिल ते सप्टेंबरमध्ये पडत असेल तर २८० मिळवायचे, दोन्ही सहामाहींत विभागून पडत असेल तर १४०, आणि ७० टक्क्यांवर भाग हिवाळी सहामाहीत असेल तर काहीच नाही. उत्तराहून पाऊस कमी पडला तर प्रदेश कोरड्या गटात. निम्म्याहूनही कमी असेल तर वाळवंट.

सोलापूरचे सरासरी तापमान २७ अंशांच्या घरात. म्हणजे ५४० अधिक २८०, झाले ८२०. पाऊस त्याहून कमी. लंडनचे तापमान ११ अंश धरले आणि पाऊस बारा महिने थोडाथोडा, तर उत्तर येते अवघे ३६०. तिथे पाणी उरते. सोलापूरला ज्वारीने आणि बाभळीने तहान मारून जगायचे असते.

पुण्याचे उदाहरण वर्गात आवर्जून घ्यावे. सरासरी २५ अंश धरले तर मर्यादा ७८० मिलिमीटर येते आणि शहराचा पाऊस साडेसातशेच्या आतबाहेर. गाव अगदी काठावर! पश्चिमेला घाट जवळ आला की पाऊस भराभर वाढतो आणि हिशेब उलटतो. शिवाय तापमान एका अंशाने चढले की मर्यादा २० मिलिमीटरने वर सरकते. पावसाचा एक थेंबही कमी न होता काठावरचे गाव कोरड्या बाजूला जाऊ शकते ते असे.