मायरहॉफची शिष्यवृत्ती चालते कशी?

शिष्यवृत्ती म्हटलं की आपल्याला उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, महाडीबीटीवरचा अर्ज आणि कधीतरी खात्यात पडणारी रक्कम आठवते. रक्कम पडली की देणाऱ्याचं काम संपलं. अमेरिकेत बाल्टिमोर शहराच्या वेशीवर मेरीलँड विद्यापीठाचा एक कॅम्पस आहे. ‘यूएमबीसी’ या आद्याक्षरांनी तो ओळखला जातो. १९६६ साली सुरू झालेला, म्हणजे तिथल्या मानाने पोरसवदाच. तिथल्या ‘मायरहॉफ स्कॉलर्स’ या शिष्यवृत्तीत खरं काम रक्कम दिल्यानंतर सुरू होतं.

फ्रीमन ह्रबाउस्की १९८७ साली या विद्यापीठात प्रशासक म्हणून आले. माणूस गणिताचा, मूळचा अलाबामातल्या बर्मिंगहॅमचा. १९६३ साली वयाच्या बाराव्या वर्षी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या चळवळीतल्या मुलांच्या मोर्चात जाऊन पाच दिवस कोठडीत काढून आलेला. विज्ञान आणि अभियांत्रिकीला येणारी कृष्णवर्णीय मुलं सुरुवातीच्या वर्षांतच गळतात किंवा काठावर पास होतात, हे त्यांना दिसत होतं. बाल्टिमोरचे बांधकाम व्यावसायिक रॉबर्ट मायरहॉफ यांची चिंता वेगळी होती. कृष्णवर्णीय तरुण टीव्हीवर दिसतो तो एक तर बेड्या घातलेला नाहीतर बास्केटबॉल खेळणारा, याचं त्यांना वाईट वाटे. त्यांनी आणि पत्नी जेन यांनी १९८८ साली या शिष्यवृत्तीसाठी पाच लाख डॉलर दिले. १९८९ च्या पहिल्या तुकडीत १९ जण होते, सगळे कृष्णवर्णीय मुलगे. पुढच्या वर्षीपासून मुलीही आल्या.

मुलं गळतात का, याचं एक उत्तर आधीच सापडलेलं होतं. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात उरी ट्राइसमन नावाच्या तरुण गणितज्ञाला प्रश्न पडला, की कॅल्क्युलसमध्ये चिनी वंशाचे विद्यार्थी पुढे आणि कृष्णवर्णीय मागे, असं का होतं? सहकाऱ्यांची उत्तरं ठरलेली होती : जिद्द कमी, पाया कच्चा, घरची गरिबी, घरून पाठिंबा नाही. ट्राइसमनने विद्यार्थी अभ्यास करतात कसा ते जवळून पाहिलं, तेव्हा यातलं काहीच पटेना. कृष्णवर्णीय मुलं सांगितलेले तास इमानेइतबारे बसत होती, पण बहुतेक एकेकटी. चिनी मुलं आधी एकट्याने गणितं सोडवत आणि मग संध्याकाळी एकत्र बसून एकमेकांची उत्तरं तपासत, जुन्या प्रश्नपत्रिका फिरवत. आपण कुठे कमी पडतो ते त्यांना परीक्षेच्या आधी कळे. बाकीच्यांना ते निकालाच्या दिवशी कळे. ट्राइसमनने मग गटाने बसायचे वर्ग सुरू केले, आणि त्यात गणितं दिली ती नेहमीपेक्षा अवघड. आपल्याकडच्या ‘उपचारात्मक अध्यापना’च्या हे नेमकं उलट आहे. मागे पडलेल्याला सोपं देऊन आणखी मागे ठेवायचं नाही, असा तो विचार.

मायरहॉफची मांडणी याच पायावर आहे. निवड होताना मुलांना कुटुंबासह कॅम्पसवर बोलावतात. प्राध्यापक आणि जुने विद्यार्थी त्यांच्याशी बोलतात. गुण पाहतातच, पण संशोधनाची खरी ओढ आहे का, दुसऱ्याबरोबर काम करायची तयारी आहे का, हेही चाचपतात. निवडलेल्यांना कॉलेज सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात सहा आठवडे कॅम्पसवर राहावं लागतं. गणिताचा वर्ग, एखादा सामाजिक विषय, गटाचा अभ्यास, दिवसभराचं घट्ट वेळापत्रक. शाळेत पहिला येणारा मुलगा इथे पहिल्यांदा ‘मला हे समजलं नाही’ असं चारचौघांत म्हणायला शिकतो. हुशार मुलाला याहून जड काही नसतं.

पहिल्या सत्रात खरी कसोटी लागते. शिष्यवृत्ती टिकवायची तर सरासरी ‘बी’ श्रेणी हवी. शिवाय सुरुवातीच्या गणितात किंवा रसायनशास्त्रात ‘सी’ मिळाली, तर तो विषय पुन्हा घे, असा आग्रह धरला जातो. वरकरणी हा जाच वाटतो, कारण ‘सी’ म्हणजे पास. पण पहिल्या कॅल्क्युलसमध्ये जे अर्धवट राहिलं, त्याच्यावर दुसरं कॅल्क्युलस उभं राहतं, त्याच्यावर भौतिकशास्त्र. तिसऱ्या वर्षी मुलगा भौतिकशास्त्रात अडखळतो तेव्हा दुखणं जुनं असतं. शिवाय पीएचडीच्या प्रवेशाला ‘सी’ आडवी येतेच. मला या योजनेतली सर्वांत शहाणी गोष्ट हीच वाटते. पास झालेल्यालाही थांबवून पुन्हा बसवायचं, तर त्याच्याबरोबर बसणारं कोणीतरी लागतं. ती सोय इथे आहे : समुपदेशक, वरच्या वर्गातले मार्गदर्शक, आपली तुकडी.

नंतर प्रयोगशाळा. उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष संशोधनाला पाठवतात. उत्तर कॅरोलायनाहून आलेली किझमेकिया कॉर्बेट ही इथलीच विद्यार्थिनी. पदवीचं शिक्षण चालू असतानाच तिला अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत बार्नी ग्रॅहम यांच्या प्रयोगशाळेत काम मिळालं. २००८ साली ती पदवीधर झाली आणि पीएचडीनंतर २०१४ साली त्याच प्रयोगशाळेत परतली. मॉडर्नाच्या कोविड लशीमागचं संशोधन करणाऱ्या चमूत ती आघाडीला होती.

पण हे योजनेचं यश की मुळात हुशार असलेल्या मुलांचं? शंका रास्त आहे. तिचं उत्तर शोधायला अभ्यासकांनी, ज्यांना मायरहॉफ मिळाली पण जे ती नाकारून दुसऱ्या विद्यापीठांत गेले, अशा मुलांशी तुलना केली. गुणवत्ता जवळपास सारखीच. तरी विज्ञानातल्या पीएचडीकडे वळण्याचं प्रमाण मायरहॉफवाल्यांत सुमारे पाचपट निघालं. एक मर्यादा मात्र उरतेच. ही योजना मुळातच चांगल्या मुलांना घेते. ज्याच्या शाळेत गणिताचा शिक्षकच नव्हता, त्याच्यासाठी तिच्यात फारसं काही नाही.

कायद्याचा अडथळाही आला. मेरीलँड विद्यापीठाच्याच कॉलेज पार्क या शेजारच्या कॅम्पसमधली फक्त कृष्णवर्णीयांसाठीची शिष्यवृत्ती १९९४ साली न्यायालयाने रद्द ठरवली. मग १९९६ पासून मायरहॉफ सर्व वंशांच्या मुलांना खुली झाली. वंशाच्या जागी अट आली ती विज्ञानात अल्पसंख्याकांची संख्या वाढावी अशी आस्था असण्याची. पुढे पेन स्टेट आणि चॅपल हिल या विद्यापीठांनी हाच साचा उचलला.

पैशांबरोबर आधार देण्याचा विचार फक्त मायरहॉफपुरता नाही. आपल्याला जवळची वाटावी अशी एक गोष्ट आणखी आहे. पुण्या-मुंबईचा अभियंता एच-१बी व्हिसावर अमेरिकेत जातो, तेव्हा त्याच्या कंपनीला इतर शुल्कांबरोबर प्रशिक्षणासाठीचं एक शुल्क भरावं लागतं. पंचवीसहून जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीला ते १,५०० डॉलर. या शुल्काची मुळं १९९८ च्या कायद्यात आहेत. शुल्कातला ३० टक्के वाटा नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे शिष्यवृत्त्यांसाठी जातो आणि त्यातून कमी उत्पन्नाच्या घरातल्या, विज्ञान-अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलांना ‘एस-स्टेम’ शिष्यवृत्त्या मिळतात. हा निधी हवा असलेल्या कॉलेजला, पैशांखेरीज मुलांना मार्गदर्शन आणि आधार कसा देणार, हेही प्रस्तावात लिहून द्यावं लागतं.

तिकडे राहणाऱ्या मराठी पालकांनी एवढं ध्यानात ठेवावं : मायरहॉफसाठी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं, एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाला मिळणाऱ्या एच-४ व्हिसावरच्या मुलाला ती मिळत नाही. आणि इतर कुठल्याही शिष्यवृत्तीचं पत्र हाती आलं, तर रकमेच्या आकड्याबरोबर एक गोष्ट जरूर विचारून घ्या. पहिल्या सत्रात कॅल्क्युलस अडलं, तर तिथे मुलाने कोणाकडे जायचं?