आमची आत्या : एक कृतज्ञ स्मरण

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा माझ्याकडे मधुमेहावरील लेख मागितला होता. तो लिहावयास बसलो, परंतु मनात दुसरेच काही दाटून आले होते. अखेरीस संपादकांची परवानगी घेतली आणि या पानांवर आत्याविषयी लिहावयाचे ठरविले. आत्या डॉक्टर नव्हती. तरीही आपल्या जिल्ह्यातील जुन्या डॉक्टरांपैकी अनेकांच्या हाती तिच्या सहीचे शेकडो अहवाल पडले असतील. १९६८ ते २००६ अशी अडतीस वर्षे ती मलेरिया विभागात रक्ताच्या काचपट्ट्या तपासत होती. २०२४ च्या श्रावणात, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ती गेली.

माझे वडील उकव्याच्या मँगनीज खाणीत टाइमकीपर होते. पुढच्या शिक्षणासाठी १९७९ साली मला बालाघाटला आत्याकडे ठेवले. तिने लग्न केले नव्हते. त्याचे कारण आम्ही कधी विचारले नाही आणि तिने कधी सांगितले नाही. दोन खोल्यांचे सरकारी क्वार्टर, मागे पेरूचे झाड, पुढे तुळस आणि सायकल. पहाटे वैनगंगेकडून येणारे धुके आणि दुरून ऐकू येणारी नॅरोगेज गाडीची शिटी यांनी आमचा दिवस उजाडत असे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी प्रांतांची फेररचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आपला जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. घरातली भाषा मराठी आणि शाळेची व कचेरीची हिंदी, हे आपल्यापैकी बहुतेक कुटुंबांचे वास्तव आहे. आत्याने त्याचा कधी बाऊ केला नाही. मात्र रात्री जेवणानंतर ती मला अर्धा तास मराठी वाचावयास लावी. माझ्या तोंडून ‘ळ’ नीट उमटेपर्यंत ताटावरून उठू देत नसे. “शाळेत बालक म्हण, घरात बाळ म्हण. दोन्ही आपलेच आहेत,” असे ती म्हणे. कार्यालयात ती ‘बहनजी’ होती. रुग्णाशी पोवारीत दोन वाक्ये बोलण्याइतकी ती भाषाही तिने कमावली होती.

तिच्या कामाचे महत्त्व कळण्यासाठी थोडा इतिहास सांगावयास हवा. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि सुमारे आठ लाख माणसे त्याने दगावत, असा त्या काळचा अंदाज आहे. १९५३ साली राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ साली त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. डी.डी.टी.च्या फवारणीमुळे १९६५ पर्यंत रुग्णसंख्या एक लाखाच्या आसपास उतरली. रोग संपला असे अनेकांना वाटू लागले. आत्या नोकरीस लागली ती याच आशेच्या काळात. “तीन-चार वर्षांत हे खातेच बंद होईल, मग काय करशील?” असे आजोबांनी तिला विचारले होते म्हणे. खाते बंद झाले नाही. डासांनी कीटकनाशके पचविली, यंत्रणा सैलावली आणि १९७६ साली देशातील रुग्णसंख्या चौसष्ट लाखांवर गेली. १९७७ साली सुधारित कार्ययोजना आली. बैहर, बिरसा, परसवाड्याकडील जंगलपट्ट्यांत, जिथे झऱ्यानाल्यांच्या संथ पाण्यात ॲनॉफिलिस फ्लुविॲटिलिस वाढतो, तिथे फॅल्सिपॅरमचे प्रमाण मोठे होते. आत्याच्या टेबलावरचे ढीग वाढले ते याच वर्षांत.

सर्व्हेलन्स वर्कर दर पंधरवड्याला घरोघर जाऊन ताप विचारी. ताप असेल त्याच्या बोटातून रक्त घेऊन काचपट्टी करी आणि क्लोरोक्विनच्या गोळ्या देऊन पुढच्या घरी जाई. काचपट्ट्या कागदात गुंडाळून बसने जिल्ह्याच्या ठिकाणी येत. तेथे त्यांना जे.एस.बी. रंग देऊन, तेलाचा थेंब टाकून, एकेका पट्टीची शंभर क्षेत्रे पाहावयाची. त्यांत परजीवी आढळला नाही तरच ‘निगेटिव्ह’ लिहावयाचे. दिवसाला अशा पन्नास-साठ पट्ट्या. भिंग पुसण्यासाठी ती आपल्या जुन्या सुती साडीचे धुतलेले मऊ तुकडे नेत असे.

एका रविवारी काम साचले म्हणून ती कार्यालयात गेली आणि मलाही घेऊन गेली. मी अकरा वर्षांचा होतो. भिंतीवरच्या तक्त्यात परजीवीचे चित्र होते. अंगठीसारखी निळी कडा आणि तिच्यावर लाल ठिपका. तिने मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावू दिला. मी लगेच ओरडलो, “आत्या, अंगठी दिसली!” तिने पाहिले. ती रंगाची कणी होती. ती रागावली नाही. शांतपणे म्हणाली, “तक्त्यात काय आहे ते सांगू नकोस. तुला काय दिसतं ते सांग.” जबलपूरच्या मेडिकल कॉलेजात पुढे मोठमोठ्या गुरूंनी मला शिकविले, परंतु निदानशास्त्राचा पहिला धडा मी त्या रविवारी घेतला. माझ्या शिक्षणाची फीही तिच्याच पगारातून गेली, हे येथे नमूद करणे माझे कर्तव्य आहे.

१९९५ साली मी बालाघाटात दवाखाना थाटला. पावसाळ्यात बाकावर जागा उरत नसे. थंडी वाजून ताप आला की मलेरियाचे औषध, सोबत एखादे प्रतिजैविक आणि सलाईन, असा माझा परिपाठ पडला. एका संध्याकाळी आत्या दवाखान्यात येऊन कोपऱ्यात तासभर बसली. शेवटचा रुग्ण गेल्यावर तिने विचारले, “आज तापाचे किती?”

“वीस-बावीस असतील.”

“स्लाइडी किती केल्यास?”

“पेशंट थांबत नाहीत, आत्या.”

“थांबत नाहीत, की तू थांबवत नाहीस?”

मी वरमलो. दुसऱ्या दिवशी तिने तपासणीच्या फॉर्मचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. सरकारी तपासणी फुकट होती, परंतु फॉर्म भरल्याशिवाय ती माझ्याकडील एकही काचपट्टी घेत नसे. गावाचे, टोल्याचे नाव अपुरे असले तर पट्टी परत येई. मला ही कचेरीची कटकट वाटे. तिने एकदाच समजावले, “तू औषध देशील, तुझा माणूस बरा होईल. पण गाव रजिस्टरमध्ये आलं नाही तर तिथे फवारणी जाणार नाही, आणि त्याच्या शेजाऱ्याला ताप येईल.” खाजगी डॉक्टरांनी रोगाची नोंद का कळवावी, यावर मी पुढे अनेक व्याख्याने ऐकली. याहून सोपे उत्तर मला मिळाले नाही.

निवृत्तीनंतर ती आमच्याकडे वरच्या मजल्यावर राहावयास आली. कार्यालयातील शिपाई, ड्रायव्हर, जुने वर्कर पेन्शनची आणि भविष्य निर्वाह निधीची कागदपत्रे घेऊन तिच्याकडे येत. ती अर्ज लिहून देई, चहा देई आणि कामाचे काय झाले ते आठवड्याने विचारी. नातवंडांची मोजे-स्वेटर विणणे आणि हे अर्ज, यांत तिची अठरा वर्षे गेली.

आता जे लिहावयाचे आहे ते लिहिणे मला जड जाते. परंतु वाचक बहुसंख्य डॉक्टर आहेत म्हणूनच ते लिहिले पाहिजे.

२०२२ पासून आत्या जिना चढताना मधल्या पायरीवर थांबू लागली. मी विचारले तर म्हणे, “गुडघे.” मी म्हणालो, “वय झालं, आत्या.” दर महिन्याला रक्तदाब पाहत होतो, साखर पाहत होतो, गोळ्या आणून देत होतो. तिच्या छातीला स्टेथोस्कोप मात्र मी त्या दोन वर्षांत एकदाही लावला नाही. रोज चाळीस अनोळखी छात्यांना तो लावणारा मी! घरच्या माणसाची तपासणी जेवणाच्या टेबलावर, बोलता बोलता होते आणि त्यातच राहून जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. तेव्हा प्रथम कानाला नळ्या लावल्या. महाधमनीच्या झडपेचा खडबडीत मर्मर, मानेपर्यंत जाणारा. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही चुकला नसता. नागपूरला इको झाला. झडप अतिशय अरुंद झालेली, हृदयाचे स्नायू थकलेले, मूत्रपिंडेही मंदावलेली. आज शस्त्रक्रियेवाचून, मांडीच्या धमनीतून नवी झडप बसविता येते. तिच्या बाबतीत ती वेळ टळत चालली होती. तज्ज्ञ सौजन्याने म्हणाले, “थोडे आधी आले असते तर...” वाक्य त्यांनी पूर्ण केले नाही.

परतताना गाडीत मी तिची क्षमा मागितली. तक्ता पाहिला, तुला पाहिले नाही, असे काहीसे बोललो. ती बराच वेळ बाहेर पाहत होती. मग म्हणाली, “आमच्या रजिस्टरमध्ये चूक झाली तर खोडायची नाही, असा नियम होता. वरून एक रेघ मारायची, बरोबर ते शेजारी लिहायचं आणि सही करायची. तसं कर म्हणजे झालं.” गोंदिया येईपर्यंत ती झोपली होती. पुढचे सात-आठ आठवडे तिने शांतपणे काढले.

तेराव्या दिवशी बैहरकडून एक वृद्ध गृहस्थ आले. निवृत्त सर्व्हेलन्स वर्कर. त्यांच्याकडून जे कळले ते आत्याने आम्हाला कधी सांगितले नव्हते. ऐंशीच्या आसपासच्या एका पावसाळ्यात नाल्यांना पूर आल्याने घाटापलीकडचा काचपट्ट्यांचा गठ्ठा फार उशिरा पोचला आणि ढिगाच्या तळाशी गेला. आत्याने तो उघडला तेव्हा एका लहान मुलीच्या रक्तात फॅल्सिपॅरम भरलेला होता. पुढच्या औषधासह हे गृहस्थ पायी त्या टोल्यावर गेले, तेव्हा मुलीला जाऊन चार दिवस झाले होते. दोष कुणा एकाचा नव्हता. परंतु त्यानंतर आत्याने आपल्या टेबलाचा नियम बदलला. जो गठ्ठा सर्वांत दुरून आला तो आधी उघडावयाचा, मग तो ढिगात कुठेही असो. “जवळचा माणूस ताप वाढला तर स्वतः येईल, दूरचा येऊ शकणार नाही, असं बहनजी म्हणायच्या,” ते गृहस्थ सांगत होते. दूरच्या गठ्ठ्यातील शेवटची पट्टी पाहून होईपर्यंत ती घरी जात नसे. लहानपणी पावसाळ्यात मी दिवेलागणीला एकटाच का जेवत असे, याचे उत्तर मला पंचेचाळीस वर्षांनी मिळाले.

आज जलद चाचणीची पट्टी पंधरा-वीस मिनिटांत निदान देते. फॅल्सिपॅरमसाठी क्लोरोक्विनची जागा आर्टेमिसिनिनयुक्त संयुक्त औषधांनी घेतली आहे आणि २०३० पर्यंत देश हिवतापमुक्त करण्याचे लक्ष्य शासनाने ठेवले आहे. त्या वाटेवर आत्यासारख्या किती जणींचे डोळे झिजले, याची मोजदाद कुठे नाही.

माझ्या दवाखान्यात आता तिचे दोन नियम चालतात. घाटापलीकडून आलेल्या रुग्णाला त्याची परतीची बस विचारून आधी घेतले जाते. आणि दर दिवाळीला घरातील साठीपुढच्या प्रत्येकाला मी खुर्चीवर बसवून, रुग्णासारखे, संपूर्ण तपासतो. दुसरा नियम आपणही पाळावा, अशी माझी सर्व डॉक्टर मित्रांना नम्र विनंती आहे.

चुकीवर रेघ मारली आहे. बरोबर काय ते शेजारी लिहिले आहे. सही लेखाखाली आहेच.

आत्याच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.