डीव्हीडीची संगणकावरील प्रत का चालत नाही?

माळशेज घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या वैशाखरे गावी पावसाळ्यात कपाटातील कपड्यांनाही बुरशी चढते. मग डीव्हीडीची काय कथा! विवाह, मुलांचे पहिले कम्युनियन, एखाद्या पुतण्याची गुरुदीक्षा अशा सोहळ्यांची चित्रणे ज्या तबकड्यांवर आहेत, त्यांची प्रत संगणकावर घेऊन ठेवणे हे शहाणपणाचेच होय. परंतु पुढे कधीतरी ती प्रत उघडू जाता पडदा काळा राहतो आणि दिवंगत आजीचा आवाज कायमचा हरपला, अशी घरात हळहळ होते. वाचकहो, इतक्यात निराश होऊ नये. बहुतेक वेळा चित्रण शाबूत असते; चूक झालेली असते ती प्रत उतरविताना किंवा उघडताना.

प्रथम संगणकाकडे पाहावे. डीव्हीडीवरील चित्र एमपेग-२ या पद्धतीने साठविलेले असते. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने डीव्हीडी चालविण्याची अंगभूत सोय काढून टाकली. त्यामुळे जुन्या संगणकावर चालणारी प्रत नव्यावर मुकी होते. यावर व्हीएलसी हा विनामूल्य प्लेअर उत्तम उपाय आहे.

दुसरे कारण अधिक वेळा आढळते. तबकडीवर ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचा फोल्डर असतो. त्यातील व्हीओबी फाइलींत चित्र व आवाज असतो आणि तो प्रत्येकी जास्तीत जास्त १ जीबीच्या तुकड्यांत विभागलेला असतो. आयएफओ फाइली म्हणजे त्या तुकड्यांची अनुक्रमणिका, तर बीयूपी ही त्या अनुक्रमणिकेची राखीव प्रत. आपण हौसेने या फाइलींना ‘लग्न-१’, ‘लग्न-२’ अशी नावे देतो आणि अनुक्रमणिकेचा दुवा तुटतो. नावे मूळचीच ठेवावीत व एकेक फाइल उघडण्याऐवजी व्हीएलसीच्या ‘ओपन डिस्क’ या पर्यायातून संपूर्ण फोल्डर निवडावा. शून्याने संपणाऱ्या व्हीओबी फाइलीत सहसा केवळ मेनू असतो. तीच उघडून अनेक जण चित्रपट नाहीसा झाला असे समजतात! आयएफओ फाइल खराब झाली असल्यास त्याच नावाच्या बीयूपीची प्रत घेऊन तिच्या नावातील शेवटची अक्षरे आयएफओ करावीत.

संपूर्ण तबकडीची एकच आयएसओ फाइल केली असेल तर व्हीएलसी ती थेट उघडतो. मात्र भरलेल्या ४.७ जीबी तबकडीची अशी फाइल फॅट-३२ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर मावत नाही, कारण तेथे एका फाइलीची मर्यादा ४ जीबी आहे. पेन ड्राइव्ह मोठा असूनही ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश येतो तो यामुळेच. ड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केल्यास अडचण दूर होते. पण त्यावरील सारे पुसले जाते, हे ध्यानी ठेवावे.

चालताना एकाच ठिकाणी चित्र अडकत असेल, तर वाचताना तेवढा भाग निसटला असावा. मूळ तबकडी मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवू नये. मग दुसऱ्या ड्राइव्हवर पुन्हा प्रत घ्यावी. एका ड्राइव्हला न वाचता आलेली तबकडी दुसरा पुष्कळदा वाचतो. घरच्या रेकॉर्डरवर भरलेली तबकडी ‘फायनलाइझ’ केली नसल्यास संगणकास ती कोरी दिसते. ते काम त्याच रेकॉर्डरवर करावे लागते.

विकत घेतलेल्या चित्रपटांची गोष्ट निराळी. त्यांना सांकेतिक कुलूप असते. नुसत्या फाइली ओढून घेतल्यास किल्ली तबकडीवरच राहते व पडद्यावर रंगीत चौकोन नाचतात. असे कुलूप तोडण्यासंबंधी आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५अ घालण्यात आले आहे. घरच्या सोहळ्यांच्या तबकड्यांना ही बाधा सहसा नसते.

हलत्या चित्राच्या कडांना फणीच्या दातांसारख्या आडव्या रेषा दिसल्यास घाबरू नये. जुन्या कॅमेऱ्यांची ती रीतच होती. व्हीएलसीमधील ‘डीइंटरलेस’ चालू करताच त्या जातात. आणि प्रत आरंभापासून शेवटपर्यंत एकदा पाहून होईतो मूळ तबकडी कोणी भंगारात टाकू नये.