सिनेमा रविवारचा, संसार रोजचा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

‘स्वतंत्र चित्रपट’ हा शब्द अलीकडे वारंवार कानांवर पडतो. पाठीशी मोठा निर्माता नाही, स्टुडिओ नाही, वितरक नाही. चार मित्र एकत्र येतात, पदरचे पैसे घालतात आणि एखादा लघुपट किंवा चित्रपट तयार करतात. कॅमेरे आवाक्यात आले, मोबाइलवरही चांगले चित्रण होऊ लागले, संकलन घरच्या संगणकावर करता येऊ लागले. त्यामुळे शिक्षक, अभियंते, दुकानदार अशी अनेक मंडळी या वाटेला लागली आहेत. मीही त्यांच्यापैकीच एक. साताऱ्यात एका सहकारी बँकेत नोकरी करतो आणि गेल्या नऊ वर्षांत मी तीन लघुपट केले. ‘नोकरी आणि घर सांभाळून हे जमतं कसं?’ असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याबद्दलच आज चार गोष्टी सांगणार आहे.

असा चित्रपट निर्मात्यापासून स्वतंत्र असतो, घरापासून मात्र कधीच स्वतंत्र नसतो. त्याला पैसा लागतोच, पण त्याहून जास्त लागतो वेळ. आणि नोकरीचे आठ-नऊ तास गेल्यावर उरलेला वेळ हा घराचा असतो. तो घरातल्या माणसांना विचारून घेतला तर काम पुढे जाते. न विचारता घेतला तर कधी ना कधी तक्रार उभी राहते.

आपल्याकडे चित्रपटाची सुरुवातच घरातून झाली आहे. दादासाहेब फाळके यांनी आपली विमा पॉलिसी गहाण ठेवून पैसे उभे केले, १९१२ मध्ये लंडनला जाऊन कॅमेरा आणला आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. त्यात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचा वाटा केवढा होता! फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने तयार करणे ही कामे त्यांनी शिकून घेतली. दागिने दिले. कामाला आलेल्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्याच पाहत. मुलगा भालचंद्र याने रोहिदासाची भूमिका केली, तर पुढे १९१९ मध्ये ‘कालिया मर्दन’मध्ये मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हे कुटुंब आठवेल. पण फाळक्यांनी सर्वस्व पणाला लावले होते. पगारावर घर चालवणाऱ्या माणसाला ते परवडत नाही, आणि ते केलेच पाहिजे असेही नाही.

नोकरी न सोडता काम करणाऱ्यांसाठी मला सत्यजित राय यांचे उदाहरण अधिक जवळचे वाटते. ते कोलकात्यात डी. जे. किमर या जाहिरात संस्थेत नोकरीला होते. ‘पथेर पांचाली’चे चित्रीकरण त्यांनी ऑक्टोबर १९५२ मध्ये सुरू केले, तेही सुट्टीच्या दिवशी. काशफुलांच्या शेतातला तो प्रसिद्ध प्रसंग पहिल्या दिवशी अर्धा झाला. पुढच्या रविवारी मंडळी पुन्हा तिथे गेली, तर गुरांनी सगळी फुले खाऊन टाकलेली! उरलेला भाग पुढच्या हंगामात घ्यावा लागला. पैसे संपले की काम थांबे. विम्याची पॉलिसी, ग्रामोफोनच्या तबकड्या, पत्नी बिजोया यांचे दागिने असे एकेक करत जात राहिले. याच काळात, सप्टेंबर १९५३ मध्ये, त्यांचा मुलगा संदीप जन्मला. शेवटी पश्चिम बंगाल सरकारने पैसे दिले आणि १९५५ मध्ये चित्रपट पूर्ण झाला. तोपर्यंत रायबाबूंनी नोकरी सोडलेली नव्हती. इतक्या लांबलेल्या कामात अपूचा आवाज फुटला नाही, दुर्गा मोठी दिसू लागली नाही आणि म्हातारी आत्या झालेल्या चुनीबालादेवी हयात राहिल्या, हे आपले नशीब असे ते म्हणत असत.

रविवारच्या सिनेमाची अडचण इथे नेमकी कळते. काम लांबले की माणसे बदलतात, केस वाढतात, ऋतू बदलतात. म्हणून सुट्टीत काम करणाऱ्याने कथा निवडतानाच आपले वेळापत्रक समोर ठेवले पाहिजे. अमेरिकेतला केव्हिन स्मिथ न्यू जर्सीत एका किराणा दुकानात नोकरी करत होता. त्याने ‘क्लर्क्स’ हा चित्रपट त्याच दुकानावर लिहिला. दिवसा तो गल्ल्यावर उभा राही आणि दुकान बंद झाल्यावर रात्री चित्रीकरण करी. पण कथा तर दिवसाची! मग त्याने कथेतच तोड काढली. कुणीतरी कुलपात च्युइंगम कोंबल्यामुळे शटर उघडत नाही, असे दाखवले. शटर बंद, त्यामुळे बाहेरची रात्र दिसण्याचा प्रश्नच मिटला. १९९४ साली आलेल्या या चित्रपटाचे मूळ चित्रीकरण २७ हजार डॉलरच्या आसपास झाले.

दुसरे उदाहरण ख्रिस्तोफर नोलन यांचे. त्यांच्या ‘फॉलोइंग’ या १९९८ सालच्या पहिल्या चित्रपटातली मंडळी आठवडाभर नोकऱ्या करत. त्यामुळे चित्रीकरण फक्त शनिवारी, आणि ते जवळजवळ वर्षभर चालले. फिल्म महाग, म्हणून नाटकासारख्या भरपूर तालमी करून मगच कॅमेरा सुरू होई. एक-दोन टेकमध्ये काम संपे. तालमीला घराची बैठकही पुरते, हे आपणही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता वेळेच्या हिशेबाकडे वळू. माझा दुसरा लघुपट १८ मिनिटांचा होता. लेखनाला ६० तास, पूर्वतयारीला ५०, चार दिवसांच्या चित्रीकरणाला ४८, संकलनाला १२० आणि ध्वनीच्या कामाला ४०, असे एकूण ३१८ तास लागले. लोकांना चित्रीकरण तेवढे दिसते, पण ते एकूण कामाच्या सहाव्या भागाइतकेही नव्हते. आठवड्याला मला सहा तास मिळतात : रविवारी सकाळी सहा ते दहा आणि मधल्या दोन रात्री एकेक तास. म्हणजे ३१८ तासांना ५३ आठवडे, एक वर्षाहून थोडे जास्तच.

हा अंदाज मी काम सुरू करण्यापूर्वी कागदावर मांडून पत्नीला दाखवला होता. ती शाळेत शिक्षिका आहे. तिने कागद नीट वाचला आणि म्हणाली, “अहो, तुमचे पन्नास रविवार म्हणजे माझेही पन्नास रविवार. ते माझ्याकडून मागून घ्या, गृहीत धरू नका.” त्यावर आम्ही दोघांनी बसून काही गोष्टी ठरवल्या. सकाळी दहानंतरचा रविवार घराचा. महिन्याचा पहिला रविवार पूर्ण घराचा. शनिवारी संध्याकाळी ती गाण्याच्या क्लासला जाते, तेव्हा स्वयंपाक आणि मुलीचा अभ्यास माझ्याकडे. मार्चमध्ये बँकेची वर्षअखेर आणि मुलीची परीक्षा, त्यामुळे तो महिना चित्रपटाला हात लावायचा नाही. हे ठरल्यापासून मला काम करताना मागे वळून पाहावे लागत नाही आणि तिलाही घड्याळ पाहावे लागत नाही.

डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मचा खर्च नाही म्हणून आपण टेकवर टेक घेत सुटतो. पण त्या प्रत्येक टेकची किंमत पुढे संकलनात वेळेने मोजावी लागते. १८ मिनिटांसाठी आम्ही तीन तासांचे चित्रण केले होते. ते एकदा पाहून काढण्यातच माझ्या आठवड्याचा अर्धा वाटा संपला. सहा तासांचे केले असते तर पूर्ण आठवडा गेला असता. तालमीत घालवलेली एक संध्याकाळ संकलनाच्या अनेक रात्री वाचवते.

नोकरीच्या बाबतीतही पथ्ये आहेत. पहिले म्हणजे आपले सेवानियम वाचावेत. शासकीय कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. इतरांचे आपापल्या संस्थेचे नियम असतात. लेखी परवानगी घेऊन ठेवली की कुणापासून काही लपवावे लागत नाही. किरकोळ रजा मी आजारपणासाठी राखून ठेवतो. बँकांना २०१५ पासून दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सुट्टी असते, त्या शनिवार-रविवारीच आम्ही चित्रीकरण लावतो. दुसऱ्या लघुपटाच्या वेळी एका गृहस्थांनी आपला जुना वाडा फुकट देऊ केला होता. वाडा अगदी कथेत शोभणारा. पण त्यांचे कर्जप्रकरण आमच्याच शाखेत होते. मी नम्रपणे नाही म्हटले आणि मित्राच्या आजोळच्या घरात काम केले.

पैशाचे सूत्र आम्ही सोपे ठेवले आहे. घरकर्जाचा हप्ता, शाळेची फी आणि औषधपाणी यांच्या पैशाला हात लावायचा नाही. त्यासाठी कर्जही काढायचे नाही. जमेल तेवढे वेगळ्या खात्यात टाकायचे आणि त्यात बसेल तेवढाच लघुपट करायचा. मित्रमंडळी मानधन घेत नाहीत, पण त्यांचे जेवण आणि प्रवासखर्च वेळच्या वेळी दिलाच पाहिजे. आणि पैसे देऊन एकच माणूस घ्यायचा असेल तर तो ध्वनिमुद्रणाचा घ्यावा. थोडे अंधुक चित्र प्रेक्षक चालवून घेतात. संवाद ऐकू आला नाही तर ते उठून जातात.

एवढी तयारी करूनही घर मध्येच हाक मारते. तिसऱ्या लघुपटाचे चित्रीकरण आठ दिवसांवर आले होते आणि आई अंगणात घसरून पडली. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया, दवाखाना, मग घरी उठबस. मी सर्वांना फोन करून चित्रीकरण रद्द केले. त्या वेळी वाईट वाटले नाही असे म्हणणार नाही. दीड वर्षाची जुळवाजुळव होती. पण आईला धरून चालवण्याचे काम पुढे ढकलता येण्यासारखे नव्हते. पाच महिन्यांनी आई काठी घेऊन फिरू लागली, तेव्हा डिसेंबर होता आणि आमची कथा भर पावसातली. मग पाऊस काढून टाकला, सगळी गोष्ट एका खोलीत आणली आणि ती पुन्हा लिहिली. मंडळी न कुरकुरता परत आली. लघुपट आठ मिनिटांनी लहान झाला.

नव्याने या वाटेला येणाऱ्यांना मी एवढेच सांगेन, की कथा सुचल्यावर कॅमेऱ्याची चौकशी करण्याआधी घरातल्यांबरोबर बसा. किती तास लागतील, कोणते महिने टाळायचे, कुणाचे कोणते काम आपण उचलायचे, हे कागदावर लिहा. घरातल्या कुणाचे परीक्षेचे वर्ष असेल, कुणी आजारी असेल, तर थांबा. तेवढ्या काळात लिहा, वाचा, चित्रपट पाहा. कथा थांबायला तयार असते. मुलांचे वय थांबत नाही आणि आईवडिलांचेही. शेवटी चित्रपट पूर्ण झाला की श्रेयनामावलीत घरच्या माणसांची नावे घाला, आणि केवळ आभारांच्या यादीत नको. ज्याने जे काम केले ते काम लिहून घाला. सरस्वतीबाईंचे नाव आपल्या लोकांच्या ओठावर यायला कितीतरी वर्षे लागली. आपल्या घरात तेवढा उशीर होण्याचे काही कारण नाही.